एक अच्युत रवा

चंदीगडच्या सेक्टर २२ मध्ये, पहिल्या मजल्यावर, भोईट्यांच्या घरी रवा वाटीने मोजत नाहीत. अच्युतने मोजतात. दूध कृष्णकांतने मोजतात आणि तूप मोहनने. नवीन माणसाला हे ऐकून आपण चुकून वेड्यांच्या घरात शिरलो असं वाटतं, आणि असं वाटलेलं यमुनाबाईंना मनापासून आवडतं. पाहुण्याला त्या दोन मिनिटं पुरतं गोंधळू देतात. मग मांडणीवरून भांडी काढून एकेक समोर ठेवतात.

अच्युत म्हणजे एक पितळी वाटी. तिच्या काठावर बारीक ठिपक्यांनी कोरलंय, ‘चि. अच्युत याच्या बारशास, आत्याकडून, १९५९’. हे अच्युत म्हणजे यमुनाबाईंचे धाकटे दीर. पिंजोरच्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले, आणि दर रविवारी बसने भावाकडे जेवायला येतात. कृष्णकांत म्हणजे स्टीलचं फुलपात्र, ‘मॅट्रिक पास झाल्याबद्दल मामांकडून, १९७२’. ज्यांचं कौतुक त्यावर कोरलंय ते यमुनाबाईंचे यजमान, हवाई दलातले निवृत्त वॉरंट ऑफिसर. आणि मोहन म्हणजे एक भला थोरला डाव.

हा मोहन कोण, ते कोणालाच माहीत नाही. भूजला बदली असताना कॉलनीत सत्यनारायणाची पंगत झाली, आणि घरी येऊन भांडी मोजली तर एक डाव जास्त निघाला. दांड्यावर नाव मोहन. यमुनाबाई तीन गल्ल्या हिंडल्या, पण डावाचा मालक काही भेटला नाही. कृष्णकांतराव म्हणाले, “अगं, घासून टाक ते नाव आणि घाल आपलं.” त्यावर यमुनाबाईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की तीस वर्षांत त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

भांड्यांवर नावं घालण्याचा हा सोस सासूबाईंचा. फलटणला लग्नाकार्यात गावची भांडी एकत्र होत. पंगतीतून आपलं भांडं घरी परत यायला हवं असेल तर त्याच्यावर नाव पाहिजे, हे त्यांनी सुनेच्या डोक्यात इतकं पक्कं बसवलं, की यमुनाबाईंच्या घरात आजही साधं चहाचं गाळणंसुद्धा निनावी नाही. अशी ही बाई. आणि हिने आयुष्यात एकच वस्तू नाव न घालता पंगतीत पाठवली. तीच नेमकी गेली.

ती वस्तू म्हणजे ‘बदलीचा डबा’ नावाची वही. जोधपूर, हासीमारा, भूज, मग चंदीगड. दर तीन वर्षांनी ट्रंका भरायच्या आणि दर तीन वर्षांनी नव्या गावात कोकम कुठे मिळतं ते शोधायचं. कोकम नसेल तर आमटीत काय घालायचं, मोहालीच्या बाजारातला गूळ पुरणाला का दगा देतो, जानेवारीच्या धुक्यात इडलीचं पीठ कुठे ठेवलं की फुगतं (उत्तर: कृष्णकांतरावांच्या जुन्या फौजी ओव्हरकोटात गुंडाळून), असलं सगळं त्या वहीत होतं. मोहालीतल्या कंपन्यांत नव्याने आलेली मराठी पोरंपोरी रविवारी जेवायला यायची आणि जाताना वहीची पानं फोटोत घेऊन जायची. शेवटी २०१६ साली कृष्णकांतरावांनी ती सगळी दोन बोटांनी संगणकावर उतरवली, खालच्या झेरॉक्सवाल्याला ईमेल केली आणि साठ प्रती स्पायरल करून आणल्या.

“लेखिकेचं नाव घालायचं ना?” त्यांनी विचारलं होतं.

“इश्श! मी कसली लेखिका? रव्याच्या लाडवाला कधी लेखिका असते का?” यमुनाबाई म्हणाल्या होत्या. हे वाक्य त्यांनी पुढे कितीदा परत गिळलं, त्याला हिशेब नाही.

साठ प्रती साठ घरी गेल्या. एकीवर हळद सांडली, तुपाचे डाग पडले, कोणीतरी तिचीच पानं स्कॅन केली, आणि ती पिवळी पानं फोनाफोनांतून फिरत कुठल्या कुठे गेली. यमुनाबाईंना त्याचा पत्ताही नव्हता.

गेल्या डिसेंबरात इथल्या मराठी मंडळाने ठरवलं की संक्रांतीच्या कार्यक्रमात ‘बदलीचा डबा’ छापील पुस्तक म्हणून बाहेर काढायचा. चांगला कागद, रंगीत मुखपृष्ठ, आणि यमुनाबाईंचा फोटो. फोटोसाठी त्या तीन साड्या नेसल्या आणि शेवटी पहिलीच पक्की केली. तर आठवड्याभरात मंडळाच्या अध्यक्षांचा फोन. आवाज असा पडलेला, की यमुनाबाईंना वाटलं त्यांच्याकडे कोणी आजारी आहे.

“वहिनी, राग मानू नका. पण तुमचा हा मजकूर तर पद्मिनीताई हर्डीकरांच्या नव्या पुस्तकात जसाच्या तसा आहे हो. आपण तो छापला तर चोरीचा आळ येईल आपल्यावर. तेव्हा सध्या थांबू या. आणि योगायोग बघा, संक्रांतीला पाहुण्या म्हणून त्याच येतायत!”

पद्मिनी हर्डीकर म्हणजे पुण्याच्या. फोनवर लाखभर लोक त्यांना फोडणी देताना बघतात. यमुनाबाईही बघायच्या. फोन ठेवल्यावर त्या स्वयंपाकघरात उभ्याच राहिल्या. छापायचं राहिलं याचं वाईट वाटलंच, पण आपल्याला चोर समजलं जातंय, हे जास्त झोंबलं. ज्या बाईने मोहनचा डाव तीन गल्ल्यांत फिरवला, तिच्यावर चोरीचा आळ! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागाने कानही तापले, दोन्ही एकदमच.

दुसऱ्या दिवशी ज्ञानदा पुस्तक घेऊन धडकली. ही मूळची नाशिकची, मोहालीत सॉफ्टवेअरचं काम करते, आणि यमुनाबाईंच्या वहीवर स्वयंपाक शिकली. तिच्या आईने पुण्याहून मागवून मोठ्या हौसेने ते नवं पुस्तक तिला पाठवलं होतं. ‘लुप्तरस: हरवलेल्या मराठी चवींचा शोध’. गुळगुळीत कागद, वजन पोळपाटाएवढं. सोबत एका डब्यात शंकरपाळे.

“काकू, आधी हा एक खाऊन बघा.”

यमुनाबाईंनी चावला. दाढेतून कळ निघाली.

“यातलं बघून केलेत,” ज्ञानदा म्हणाली. “तुमच्या वहीत काय आहे? ‘मैद्याला एक मोहन मोहन घालावे’. म्हणजे मोहन डाव भरून कडकडीत तुपाचं मोहन. पुण्याच्या मुद्रितशोधकाला वाटलं शब्द चुकून दोनदा पडलाय. त्याने एक मोहन उडवला! मी आपलं चमचाभर तूप घातलं.”

यमुनाबाईंनी पुस्तक ओढून घेतलं आणि चष्मा लावला. पान बेचाळीस. ‘एक अच्युत रवा मंद आचेवर भाजावा. अर्धा कृष्णकांत दूध शिंपडावे.’ त्या थिजल्या. मग ज्ञानदाने शेवटची पानं उघडली. तिथे शब्दार्थ दिले होते.

‘अच्युत: सातारा प्रांतातील प्राचीन धान्यमाप. च्युत न होणारे, अर्थात ज्यातून धान्य सांडत नाही ते.’

‘कृष्णकांत: द्रवपदार्थांचे माप. काळ्या कांतलोहाचे पात्र, बहुधा यादवकालीन.’

आतल्या खोलीतून यादवकालीन कृष्णकांतराव बनियनवर बाहेर आले आणि म्हणाले, “चहा मिळेल का?”

मग जे हसू फुटलं ते आवरेना. यमुनाबाई हसता हसता जमिनीवर बसल्या. ज्ञानदाने भिंत धरली. काय झालं ते कळेपर्यंत कृष्णकांतराव बनियन खाली ओढत दोघींकडे बघत राहिले. कळल्यावर मात्र ते गंभीरपणे आरशासमोर गेले आणि आपण बहुधा काळ्या लोखंडाचे आहोत का, हे वळून वळून तपासू लागले.

संध्याकाळी ओजस्विनी आली. ही त्यांची लेक, हायकोर्टात वकिली करते. जन्मापासून छावण्यांतच वाढल्यामुळे आईचं मराठी तिला शब्द न् शब्द कळतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं. तिने दोन्ही पुस्तकं शेजारीशेजारी ठेवली आणि पेन्सिल घेऊन तासभर बसली.

“आई, एक बात समझ लो. रेसिपी पे कॉपीराइट नहीं होता. रवा, साखर, तूप, ये लिस्ट किसी की नहीं है.”

यमुनाबाईंचा चेहरा उतरला.

“लेकिन जो आपने लिखा है, जैसे लिखा है, वो वर्ड्स आपके हैं. जिस दिन लिखे, उसी दिन से आपके. नाम छपा हो या ना हो. रजिस्टर किया हो या ना हो. और यहाँ तो पूरे के पूरे पन्ने उठाए हैं. पापा का ईमेल है, उसपे तारीख है. मैं कल ही नोटिस भेजती हूँ.”

“भेज की,” यमुनाबाई म्हणाल्या. “पण संक्रांतीनंतर. नोटीस पुण्याला जाईल, इथे मंडळात कोणाला दिसणार? छपाई का थांबली ते सगळ्या मंडळाला कळलंय, माझ्यावरचा आळ चारचौघांत आलाय. तो चारचौघांतच गेला पाहिजे. मला बाईंना फक्त एक प्रश्न विचारायचाय.”

“पक्का? सिर्फ एक?”

“फक्त एक.”

संक्रांतीच्या सकाळी धुकं इतकं होतं की पिंजोरची बस तासभर उशिरा आली, आणि अच्युतराव मफलर, माकडटोपी आणि भुकेसह थेट सभागृहात पोचले. त्यांना यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. मुद्दामच. अच्युतराव तसे देवमाणूस, पण त्यांच्या पोटात अन्नाशिवाय काही राहत नाही. त्यांना तिसऱ्या रांगेत बसवलं. यमुनाबाई दुसऱ्या रांगेत, मांडीवर कापडी पिशवी. पिशवी मधूनच खणखणायची आणि शेजारच्या बायका वळून बघायच्या. त्यांतल्या दोघी आज यमुनाबाईंशी जरा तुटकच बोलल्या होत्या.

पद्मिनीताई दिसायला फोनवरच्यापेक्षा लहान आणि बोलायला गोड. त्यांनी सांगितलं की एक अतिशय जीर्ण, निनावी हस्तलिखित त्यांच्या हाती लागलं, हळदीने पिवळं पडलेलं, तुपाने पारदर्शक झालेलं. त्यातून ही हरवलेली चव शोधायला त्यांना तीन वर्षं लागली.

“पान पिवळं झालंय ते माझ्या किचनमध्ये,” ज्ञानदा दातओठ खात पुटपुटली. यमुनाबाईंनी तिला चिमटा काढला.

“कोणाला काही विचारायचंय?” अध्यक्षांनी विचारलं, आणि यमुनाबाई उभ्या राहिल्या. अध्यक्षांचा चेहरा भाजलेल्या रव्यासारखा बदलत गेला.

“ताई, मला फक्त एवढंच विचारायचंय,” यमुनाबाई म्हणाल्या. आवाज लाडवाइतका गोल निघाला. “अच्युत म्हणजे नक्की काय हो?”

“छान प्रश्न!” पद्मिनीताई खुलल्या. “अच्युत हे आपलं फार प्राचीन माप. अच्युत म्हणजे जो पडत नाही, सांडत नाही...”

तिसऱ्या रांगेत अच्युतराव आपलं नाव ऐकून दचकून जागे झाले. गडबडीत गुडघ्यावरची बशी खाली पडली, त्यातला चिवडा पार पुढच्या रांगेपर्यंत सांडला, आणि ते मोठ्याने म्हणाले, “सॉरी, सॉरी! कोणी हाक मारली?”

“मीच मारली, भाऊजी,” यमुनाबाई वळून म्हणाल्या. “जरा उभे राहा.”

अच्युतराव उभे राहिले. माकडटोपीसकट.

“ताई, हे अच्युत. सांडतात, ते आत्ताच सगळ्यांनी पाहिलं. आणि ही त्यांच्या बारशाची वाटी.” पिशवीतून वाटी निघाली. “यावर लिहिलंय ते वाचता का?”

वाटी हातोहात व्यासपीठावर गेली. पद्मिनीताईंनी ती तिरकी धरली आणि वाचली. मनातल्या मनातच वाचली, पण पहिल्या रांगेतल्या एका काकूंना राहवलं नाही. त्या उठून डोकावल्या आणि त्यांनी मोठ्याने वाचून टाकलं. “चि. अच्युत याच्या बारशास, आत्याकडून!”

सभागृहात खसखस पिकली. आता मागून कृष्णकांतराव आपण होऊन उभे राहिले. “मी कृष्णकांत. बहुधा यादवकालीन,” असं म्हणून त्यांनी फौजी सलाम ठोकला, आणि मग मात्र हसण्याचा असा काही गदारोळ झाला, की ज्यांना काहीच कळलं नव्हतं तेही हसायला लागले. अच्युतराव सगळ्यांत जोरात हसत होते, कारण त्यांना तर अजूनही काहीच कळलं नव्हतं.

पद्मिनीताईंचा चेहरा लाल झाला होता. पण बाई काही लेचीपेची नव्हती. तिने पुस्तकाची शेवटची पानं उलटली, शब्दार्थांतल्या ‘मोहन’वर बोट ठेवलं आणि विचारलं, “आणि हा मोहन? तोही इथेच बसलाय का?”

हसणं थांबलं. ओजस्विनीने डोळे मिटले. एकच प्रश्न ठरला होता, आणि उत्तरांचं तर काहीच ठरलं नव्हतं. यमुनाबाईंनी पिशवीत हात घालून डाव काढला. तो काढताना त्यांना स्वतःलाच कसंतरी झालं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “हा आमचा नाही. कोणा मोहनचा आहे, भूजच्या पंगतीतून चुकून आमच्याकडे आला. खूप शोधलं, मालक भेटला नाही. तीस वर्षं मी हा वापरते, ताई. तो माझ्या हातात बसलाय. पण त्याच्यावरचं नाव मी घासून काढलं नाही, आणि त्यावर माझं घातलं नाही. म्हणून तर माझ्या वहीत अजून ‘मोहन’ असंच लिहिलंय.”

पद्मिनीताई वाटीच्या काठावरून बोट फिरवत राहिल्या. मग माईक बाजूला सारून, साध्या आवाजात म्हणाल्या, “पानांवर नाव नव्हतं हो. फोनवर आली होती. मला वाटलं, कोणाचीच नसतील.” आणि थोडं थांबून, “नाही. खरं तर शोधलंच नाही मी.”

“नाव घातलं नाही हा माझा गाढवपणा,” यमुनाबाई म्हणाल्या. “पण म्हणून ती कोणाचीच नव्हती, असं नाही.” आणि मग त्या व्यासपीठावर गेल्या. पाहुण्यांना द्यायचं ताट तिथेच होतं. त्यातला एक तिळगूळ त्यांनी उचलला आणि पद्मिनीताईंच्या हातावर ठेवला. “तिळगूळ घ्या, गोड बोला. आणि खरं छापा.”

या वाक्याला जी टाळी पडली, ती ऐकून बाहेरचा चौकीदार आत आला. दोन तुटक बोलणाऱ्या बायकांनी सर्वांत आधी येऊन मिठी मारली आणि आम्हाला आधीपासूनच संशय होता म्हणून सांगितलं. यमुनाबाईंनी त्यांनाही तिळगूळ दिला, जरा लहानसा बघून.

नोटीस गेलीच, ओजस्विनी काही आईइतकी भाबडी नाही. महिन्याभरात प्रकाशकाने ‘लुप्तरस’ दुकानांतून परत मागवलं. पद्मिनीताईंनी आपल्या लाखभर प्रेक्षकांपुढे यमुनाबाईंचं पूर्ण नाव घेऊन माफी मागितली. त्याच रात्री त्यांचा यमुनाबाईंना एक निरोप आला, ‘ते इडलीच्या पिठाचं ओव्हरकोटातलं खरं आहे का हो?’ खरं आहे, असं उत्तर गेलं. मंडळाने ‘बदलीचा डबा’ मार्चमध्ये छापला. मुखपृष्ठावर पहिल्या साडीतल्या यमुनाबाई. नाव इतकं ठळक, की कृष्णकांतराव म्हणाले, “माझ्या फौजी ट्रंकेवरसुद्धा एवढं मोठं नव्हतं.”

पुस्तक हाती आलं त्या रविवारी अच्युतराव पिंजोरहून आले ते काखेत पुडकं घेऊन. नेहमीसारखं आल्या आल्या “वहिनी, जेवायला काय?” असं त्यांनी विचारलं नाही, तेव्हाच यमुनाबाईंना काहीतरी वेगळं आहे हे कळलं.

“मी विचार करत होतो, वहिनी,” अच्युतराव पुडक्याची दोरी सोडता सोडता म्हणाले. “या घरात मी आहे, दादा आहे, तो कोण कुठला मोहन आहे. चाळीस वर्षं तुम्ही आम्हाला भरून भरून मोजताय. तुम्ही कुठे आहात?”

पुडक्यातून नवीकोरी पितळी वाटी निघाली. पिंजोरच्या बाजारात एक सरदारजी बिजलीच्या पेनाने नावं कोरतो. त्याला मराठी येत नाही, आणि अच्युतरावांनी कागदावर लिहून दिलेलं अक्षर त्याला लागलं नसावं. काठावर कोरलं होतं, ‘श्रीमती यमुना भोईटे जी, लेखीका, की कटोरी’.

“लेखिकातली वेलांटी चुकलीय,” कृष्णकांतराव वाकून म्हणाले.

“असू दे,” यमुनाबाई म्हणाल्या. त्यांनी नाव दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा पदराने पुसून वाचलं, आणि मग त्यांना काही दिसेनासं झालं म्हणून त्या वाटी घेऊन आत गेल्या. आतून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग रवा भाजल्याचा वास बाहेर आला.

“भाऊजी,” आतून आवाज आला, आता अगदी खणखणीत. “तुमच्यापेक्षा हिच्यात मूठभर जास्त मावतं हं!”